शनिवारी थांबणारा घाणा

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, या वादाने महाराष्ट्रात 2025 चा उन्हाळा गाजवला. 29 जूनला तिसऱ्या भाषेबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली; पुढचं सगळं वाचकांनी रोजच्या पेपरात वाचलेलं आहे. इकडे सुरतेत, गोडादऱ्यात बसून तो वाद ऐकताना वेगळाच वाटत होता. इथे खानदेशातून कापड धंद्यासाठी आलेल्या घरातलं मूल आजीशी अहिराणी बोलतं, मराठी शाळेत मराठी शिकतं, गल्लीत हिंदी आणि बाजारात गुजराती वापरतं. शिवाय 2023 च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. तीन-चार भाषा इथल्या मुलाच्या अंगवळणीच असतात. त्यातली घरची भाषा टिकवायची कशी, हा आमचा प्रश्न आहे.

त्याचं एक उत्तर मराठी माणसांनीच देऊन ठेवलंय, आणि तेही हिब्रू शिकताना. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या, मुलांसाठी इस्रायली शाळा काढली. पुढे ती माझगावची सर एली कदुरी शाळा झाली. 2025 मध्ये त्या आरंभाला दीडशे वर्षं झाली. भाषेवरून एवढा गदारोळ चालू असताना या शाळेची आठवण फारशी कुणी काढली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

केहिमकरांच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ सगळे समुद्रात गेले. ही कथा इतिहास म्हणून किती धरायची, यावर अभ्यासक भांडत राहोत. पुढचं मात्र पक्कं आहे: हा समाज कित्येक पिढ्या कोकणात हिब्रू पुस्तकांवाचून राहिला, तेल गाळून पोट भरत राहिला, आणि तरी ज्यू राहिला. ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ होती. मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होई. कुठले मासे चालतात, कुठले नाहीत, हे घरच्या बाईला ठाऊक होतं. आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, शनिवार तेली.

त्या बंद घाण्याकडे शिक्षकाच्या नजरेने पाहावं असं मला वाटतं. दहा आज्ञांमधली शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, आज्ञा फक्त माणसाला विश्रांती देत नाही; नोकराला देते, परक्याला देते आणि जनावरालाही देते. नवगावच्या किंवा रोह्याच्या तेल्याच्या पोराने ती आज्ञा वाचलेली नव्हती. पण आठवड्यातले सहा दिवस झापड बांधून फिरणारा बैल सातव्या दिवशी सावलीत रवंथ करत उभा आहे, हे ते दर शनिवारी बघत होतं. त्या बैलाला वैरण घालणं बहुधा त्याच्याकडेच असणार. ज्यू परंपरेत आणखी एक नियम आहे, आपण जेवण्याआधी जनावराला खायला घालायचं. दयेवरचं व्याख्यान कुणी दिलं नसेल, तरी दया अशी त्याच्या हातून घडत होती.

आज जगभरच्या ज्यू शाळांत ‘कृतीतून शिक्षण’ म्हणून जे चाललंय, त्याचं मूळ इथे नसलं तरी त्याचा पुरावा इथे आहे. लहान मुलं रव्याच्या ताटात बोटाने आलेफ-बेत, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, गिरवतात. कणकेची लांबट वळकटी करून तिचं ‘लामेद’ हे अक्षर वळवतात. शिक्षिका हिब्रूत ‘ऊठ’, ‘दाराला हात लाव’, ‘बस’ म्हणते आणि मुलं तसं करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी 1960 च्या दशकात या रीतीवर प्रयोग केले: आधी शरीराने समजायचं, तोंड मागाहून उघडेल. दानपेटीचा धडाही असाच. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. कुरकुरत देणारा सगळ्यात खाली. मागावंच लागू नये म्हणून समोरच्याला काम किंवा धंदा उभा करून देणारा सगळ्यात वर. मुलांना आठ चिठ्ठ्या देतात आणि शिडीवर लावायला सांगतात. मुलं हटकून भांडतात: नाव न सांगता देणारा वर की ज्याला दिलं त्याची ओळख नसलेला वर? त्या भांडणातच धडा होतो.

मराठी मुलाला हिब्रू तितकी परकीही नाही, याचा उल्लेख क्वचितच होतो. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे लिहायची, एवढं अंगवळणी पडलं की पुढे सोपं. शिकाऊ पुस्तकात स्वरांच्या खुणा अक्षराला चिकटून येतात, बहुतेक खाली. उकार द्यायची सवय असलेल्या हाताला त्यात नवल वाटत नाही. आणि ‘त्सादी’ या अक्षराचा उच्चार, जो शिकवताना इतरांना घाम फुटतो, तो मराठी पोर ‘चमचा’ म्हणताना दोनदा करतं.

हे 1832 साली कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्या वर्षी मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. हेतू धर्मांतराचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपला ठेवला. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. कोचीनचे ज्यू शिक्षकही याच काळात येऊन शिकवत होते. 1846 मध्ये मुंबईत मराठी अर्थासह हग्गादा, म्हणजे पेसाह सणाला वाचायचं पुस्तक, शिळाछापावर निघाली. मग जोसेफ इझिकेल राजपूरकर आले. डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. आयुष्यभर एकेक प्रार्थनापुस्तक मराठीत आणत राहिले. इंग्रजीच्या मागे धावण्याच्या त्या दिवसांत हिब्रूकडे जाणारी वाट मराठीतून काढणाऱ्या या माणसावर एखादं चांगलं चरित्र मराठीत असायला हवं.

1874 ची पुण्याची हग्गादा मात्र माझी सर्वांत आवडती. पेसाहच्या रात्री, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या सणाला, सेदरच्या जेवणात वाचायचं हे पुस्तक. हिब्रू आणि शेजारी देवनागरी मराठी. त्यातल्या चित्रात मात्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी, करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या साडीत आहेत. युरोपातल्या हग्गादांच्या वळणावर पुस्तक काढताना कुणीतरी ठरवलं की इथल्या मुलाला चित्रात आपली आई दिसली पाहिजे. अभ्यासक्रम कसा करावा, हे मला त्या एका चित्रात जेवढं कळतं, तेवढं जाडजूड आराखड्यांत कळत नाही. सेदर स्वतःही पाठच आहे: सगळ्यात लहान मुलाने प्रश्न विचारल्याशिवाय मोठ्यांनी गोष्ट सुरू करायची नाही, मात्झाचा तुकडा लपवायचा, मुलांनी शोधायचा, आणि तो खाल्ल्यावाचून जेवण पुरं होत नाही.

याउलट परदेशातून तयार आलेल्या शैक्षणिक संचांबद्दल माझ्या मनात शंका आहे. कापूस चिकटवून मेंढी केली, फोटो पालकांच्या गटावर गेला, मेंढी कचऱ्यात गेली. हात चालले, पण त्या मेंढीची कुणाला गरज नव्हती. बेने इस्रायल घरातलं शुक्रवारचं सरबत घ्या. कोकणात द्राक्षाची वाइन मिळायची नाही, म्हणून काळ्या मनुका भिजत घालायच्या, फुगल्या की हाताने कुस्करायच्या, फडक्यातून पिळून घ्यायच्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर किद्दूशचा आशीर्वाद याच सरबतावर म्हणतात. मनुका कुस्करणारं मूल हिब्रू आशीर्वादाची वाट बघत असतं, कारण तो झाल्याशिवाय पेला ओठाला लागत नाही. ज्यू नव्या वर्षाला चिकाचा हलवा नारळाच्या दुधात शिजतो. मालिदा या विधीला पोहे, खोबरं, साखर आणि फळं ताटात रचून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घेतात. सुक्कोथ सणाच्या मांडवावर कोकणात माडाच्या झावळ्या पडतात, आणि त्या ओढून आणायला पोरंच लागतात.

कीर्तनाचाही विसर पडू नये. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा साचा उचलला आणि त्यात योसेफ, मोशे यांच्या कथा बसवल्या. झांजा, ओव्या, पूर्वरंग आणि उत्तररंग, सगळं मराठी. पुढच्या रांगेत बसून पेंगणाऱ्या पोरांच्या कानावर बायबल असं पडलं.

तरी समाज आटला, हे खरं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. भारतात सगळे मिळून पाचेक हजार ज्यू उरले, त्यांतले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रात. कदुरी शाळेच्या बाकांवर आज बहुतेक मुलं मुस्लिम घरांतली आहेत. गुजरातेत एकच सिनेगॉग, अहमदाबादचं 1934 मधलं मागेन अब्राहम. राज्याने 2018 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण दर्जाने वर्गात मुलं येत नाहीत. आपल्या सुरतेतही अठराव्या शतकात बगदाद-अलेप्पोकडचे ज्यू व्यापारी होते. शालोम कोहेन 1790 च्या सुमारास अलेप्पोहून इथेच उतरले आणि मग कलकत्त्याला गेले. बंदर मुंबईकडे सरकलं तशी वस्तीही उठली. पोटापाण्यापुढे कुठलीही शिकवण्याची रीत एकटी पुरत नाही. पण इस्रायलला गेलेल्यांनी तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. हिब्रू जपलेल्या घरांनी तिथे मराठी जपली.

आता गोडादरा. सुरत महापालिकेची शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, ही मोठी गोष्ट आहे. पालक मात्र मुलाला इंग्रजीत घालतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरी मराठी ‘शिकवायला’ घेतलं की तो आणखी एक विषय होतो. त्यापेक्षा श्रावणात कानबाई देवी बसते ना? नागपंचमीनंतरच्या रविवारी गोडादरा, लिंबायत, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत रोट होतात, अहिराणी गाणी होतात. पोरं बहुधा बाहेर मोबाइलवर असतात, कारण ‘मध्ये मध्ये करू नको’ म्हणून त्यांना आपणच हाकलतो. गहू निवडायला त्यांना बसवावं. एक गाणं त्यांच्याकडे पूर्ण सोपवावं, आणि ते म्हटल्याशिवाय रोट मोडायचा नाही असं घरात ठरवावं. शाळांनी त्या आठवड्यात गृहपाठ म्हणून आजीकडून एक ओळ ऐकून वहीत लिहून आणायला सांगावं, अहिराणीत, जशी ऐकू आली तशी. शिक्षण समितीला यासाठी ठराव लागत नाही, पैसा लागत नाही. मुख्याध्यापकांची एक सूचना पुरते, आणि श्रावणाआधी ती काढता येईल.