रिॲलिटी शो : किती खरे, किती रचलेले?

"अहो, ते सगळं आधीच लिहून दिलेलं असतं!" रिॲलिटी शो लागला की घरातलं कुणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि टाकणारी व्यक्ती सहसा शेवटपर्यंत जागची हलत नाही.

भांडणाचे संवाद लिहून द्यायची तशी गरजही नसते. 'बिग बॉस'च्या घरात फोन नाही, घड्याळ नाही, बाहेरची बातमी नाही. त्यात एकमेकांशी न पटणारी माणसं मुद्दाम निवडलेली आणि रेशन मोजून-मापून. ठिणगी आपसूक पडते. खरी करामत संकलनाच्या टेबलावर होते. दिवसभराच्या चित्रणातून आपल्यापर्यंत जेमतेम तास-दीड तास पोचतो. कुणाचं रडणं ठेवायचं आणि त्याआधीचा कुणाचा टोमणा कापायचा, ते तिथे ठरतं. म्हणून एका भागावरून कुणाला खलनायक ठरवू नये. आणि हा खेळ हिंदीतून जन्मला असंही नाही. मूळ 'बिग ब्रदर' 1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला. हिंदीत तो 2006 मध्ये आला, तेव्हा सूत्रसंचालक होते अर्शद वारसी. मराठीत यायला 2018 उजाडलं.

रिॲलिटी शो म्हणजे आरडाओरडाच, असं म्हणणाऱ्यांना 'होम मिनिस्टर'चा विसर पडलेला असतो. 2004 मध्ये 'झी मराठी'वर तो सुरू झाला. आदेश बांदेकर लोकांच्या खऱ्याखुऱ्या घरी जात, तिथल्या वहिनींशी गप्पा मारत, साधेसोपे खेळ घेत आणि जिंकणारीला पैठणी देत. ना कुणी बाहेर काढलं जाई, ना कुणाचा पाणउतारा होई. तरीही संध्याकाळी लोक टीव्हीपुढे बसत, आणि बांदेकर सगळ्या महाराष्ट्राचे 'भावोजी' झाले. माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत अस्सल रिॲलिटी शो हाच.

जिंकला तोच पुढे जातो, हाही एक भ्रम. अरिजित सिंग 2005 च्या 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला होता. आपल्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मध्ये 2009 साली कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हेही तितकेच घरोघरी पोचले. 2021 च्या पर्वात हे पाचही जण परीक्षकांच्या खुर्च्यांवर होते.

राहिला पैशांचा प्रश्न. 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकल्या. पण अशी रक्कम जशीच्या तशी हाती पडत नाही. बक्षिसावर 30 टक्के प्राप्तिकर लागतो, वर अधिभार आणि उपकर वेगळे.

घरात लहान मुलं असतील तर गाण्याचा किंवा प्रश्नोत्तरांचा शो लावा. मुलं सुरावर वाद घालतील, उत्तरं ओरडून सांगतील. 'बिग बॉस' ती झोपल्यावर बघा.