खिडकी बंद केली तरी काम चालू राहावे

रात्री पावणेदहाला दहावीतल्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला : ‘मॅडम, शब्द उघडत नाहीत. उद्या चाचणी आहे.’ पाठोपाठ आणखी तिघींचे तेच निरोप आले. मी लगेच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘खाला, संध्याकाळपर्यंत तर नीट चालू होतं. मी फक्त लॅपटॉप बंद करून बाहेर आलोय.’

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठीचा पेपर जड जातो. वर्गात शिकवताना मी उर्दू-मराठी शब्दांची एक वही तयार केली होती. भाच्याने तिचे छोटेसे वेब अ‍ॅप्लिकेशन बनवले. फोनच्या ब्राउझरमध्ये उर्दू शब्द टाकला की समोर मराठी शब्द, एक वाक्य आणि माझ्या आवाजातला उच्चार येतो. त्यासाठी आम्ही एक छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालू असणारा संगणक.

आमच्या मुली ही वही रात्रीच उघडतात. घरात फोन एकच, आणि तो दिवसभर अब्बांबरोबर किंवा भाईजानबरोबर कामावर असतो. म्हणजे आम्ही आपले काम आटोपून झोपायच्या तयारीला लागतो, तेव्हा मुलींचा अभ्यास सुरू होतो. नेमके तेव्हाच आमचे अ‍ॅप बंद पडत होते.

खिडकीशी बांधलेले काम

सर्व्हर तर चालूच होता, मग बंद काय पडले? भाच्याने मला समोर बसवून दाखवले. लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यातून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायचे आणि प्रोग्रॅम सुरू करण्याची आज्ञा द्यायची. प्रोग्रॅम चालतो सर्व्हरवर, पण तो त्या खिडकीच्या आधाराने चालतो. खिडकी मिटली, संपर्क तुटला की त्याला ‘हँगअप’ नावाचा इशारा मिळतो आणि तो थांबतो. हँगअप म्हणजे फोन ठेवणे. पूर्वी लोक टेलिफोनच्या तारेवरून मोठ्या संगणकाला जोडले जात. तार तुटली म्हणजे माणूस गेला, त्याचे कामही थांबवा, असा तो नियम होता. नाव तेव्हापासून राहिले.

यावर ‘नोहप’ नावाची जुनी आज्ञा आहे. तिचा अर्थ, फोन ठेवला तरी थांबू नकोस. त्या रात्री भाच्याने तीच वापरली आणि मुलींचा अभ्यास झाला. पण ही तात्पुरती सोय. प्रोग्रॅम मध्येच कोसळला किंवा सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर त्याला उठवणारे कोणी नसते.

पहारेकऱ्याला चिठ्ठी

पडद्यामागे राहून, कोणाच्याही खिडकीवर अवलंबून न राहता चालणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकाच्या भाषेत ‘डीमन’ म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधील संगणकतज्ज्ञांनी ते घेतले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या एका कल्पनेवरून : न दमता, न दिसता रेणू वेगळे करत बसणारा एक काल्पनिक जीव.

आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर अशा कामांची देखरेख ‘सिस्टमडी’ करतो. त्याचा आरंभ 2010 मध्ये झाला. संगणक सुरू होताना सर्वांत आधी तो जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. मी त्याला पहारेकरी म्हणते. त्याला एक चिठ्ठी लिहून द्यायची, दहा-बारा ओळींची साधी फाइल. तिचे तीन भाग असतात. पहिल्यात कामाचे नाव आणि ते कशानंतर सुरू करायचे, उदाहरणार्थ नेटवर्क जोडल्यानंतर. दुसऱ्यात कोणती आज्ञा चालवायची, कोणत्या फोल्डरमधून, कोणाच्या नावाने आणि काम कोसळले तर काय करायचे. तिसऱ्यात संगणक सुरू होताना कोणत्या टप्प्यावर हे काम उठवायचे.

‘कोणाच्या नावाने’ ही ओळ महत्त्वाची. सर्व्हरच्या मालकाचे सर्वाधिकार अ‍ॅपला देऊ नयेत. शब्दांची वही सांभाळणाऱ्याला तिजोरीची किल्ली कशाला? भाच्याने तिच्यासाठी कमी अधिकारांचा वेगळा वापरकर्ता तयार केला.

दोन चुका, दोन धडे

चिठ्ठी दिली आणि आम्ही निश्चिंत झालो. सहामाहीच्या दिवसांत पुन्हा तेच निरोप. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी रात्री देखभालीसाठी तो बंद करून चालू केला होता आणि आमचे अ‍ॅप उठलेच नव्हते. भाच्याने ‘स्टार्ट’ म्हटले होते, ‘एनेबल’ म्हणायचे राहिले होते. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू कर. एनेबल म्हणजे संगणक जेव्हा जेव्हा सुरू होईल तेव्हा तूही सुरू हो. दोन्ही लागतात. चिठ्ठीत नंतर बदल केला, तर ती पुन्हा वाचायलाही पहारेकऱ्याला सांगावे लागते.

दुसरी चूक सराव परीक्षेच्या वेळी कळली. चिठ्ठीत ‘कोसळल्यास पाच सेकंदांनी पुन्हा सुरू कर’ असे होते. अ‍ॅप पडत होते, उठत होते. मुलींना वाटे नेट मंद आहे. मग भाच्याने नोंदवही उघडली. पहारेकरी प्रत्येक पडण्याची वेळ आणि कारण लिहून ठेवतो, ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने ते वाचता येते. कारण स्पष्ट होते, मेमरी संपत होती. एका शब्दाचा उच्चार मागितला तरी प्रोग्रॅम माझ्या सगळ्याच ध्वनिफिती मेमरीत ओढत होता. एकाच वेळी अनेक मुली आल्या की लहान सर्व्हरला ते झेपत नसे आणि लिनक्स आमचे अ‍ॅप मारून टाके. आता मागितलेली तेवढीच फीत उघडते.

त्या दिवशी भाचा म्हणाला, ‘पुन्हा उठवणं म्हणजे बरं करणं नाही, खाला.’ शिक्षिकेला हे वेगळे सांगायला नको. रोज गळून जाणाऱ्या मुलाला रोज उठवून बाकावर बसवण्यापेक्षा ते सकाळी काय खाऊन येते हे विचारावे.

आता भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने मला एका कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या : काम चालू आहे का ते कसे पाहायचे, बंद असेल तर कसे सुरू करायचे, नोंदवही कशी वाचायची, शब्दांची प्रत कुठे ठेवली आहे, आणि भाडे कोणत्या तारखेला भरायचे. मी तो कागद आमच्या संगणक शिक्षकांनाही दिला. आधी अ‍ॅप लॅपटॉपच्या खिडकीशी बांधलेले होते. आम्ही वेळीच जागे झालो नसतो, तर ते भाच्याशी बांधलेले राहिले असते.

तुमच्या मोहल्ल्यात, शाळेत, वाचनालयात एखाद्या हुशार मुलाने असे काही बनवले असेल, तर त्याचे कौतुक जरूर करा. आणि कौतुक करून झाले की त्याला विचारा, ‘बेटा, तू लॅपटॉप बंद केलास तर हे चालेल का? तू गावाला गेलास तर कोण पाहील?’

परवा रात्री अकराला मी सहज नोंदवही उघडली. कोणीतरी ‘इंतजार’ हा शब्द विचारला होता. ‘प्रतीक्षा’ हे उत्तर लगेच गेले होते. मी दिवा मालवला आणि झोपले.