गुग्गुळाची परीक्षा

सुश्रुतसंहिता हा ग्रंथ काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपाने मांडलेला आहे. शरीरात मेद साचून होणाऱ्या विकाराचे वर्णन त्यात आढळते आणि त्यावरील द्रव्यांत गुग्गुळाचा उल्लेख येतो. गुग्गुळ हा राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भूमीत वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा डिंकासारखा स्राव होय. आपल्याकडे तो धूप म्हणून परिचित आहे. त्याच काशीत, बनारस हिंदू विद्यापीठात, जी. व्ही. सत्यवती यांनी ग्रंथातील हे वचन प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिले. त्यांचा प्रबंध 1966 सालचा आहे. पुढे त्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

प्रयोगासाठी ससे निवडण्यात आले. स्निग्ध आहाराने सशाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढते. असा आहार घेणाऱ्या सशांना गुग्गुळ दिला असता ही वाढ आटोक्यात राहते, असे दिसून आले. अर्थात ससा हा शाकाहारी प्राणी असून अशा आहाराची त्याच्या शरीराला सवय नसते. सशाला मानवलेले द्रव्य माणसालाही मानवेल, असे केवळ यावरून म्हणता येत नाही.

गुण दिसला, तरी द्रव्य निर्धोक आहे काय, हा प्रश्न निराळाच राहतो. कच्चा गुग्गुळ घेतल्याने पोट बिघडते, अंगावर पुरळ उठते. म्हणूनच वैद्य तो शोधन केल्यावाचून देत नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचे इथाइल ॲसिटेट या द्रावकाच्या साहाय्याने दोन भाग केले. विरघळणाऱ्या भागात गुण आढळला, तर न विरघळणारा भाग निरुपयोगी आणि उपद्रवी ठरला. शतकानुशतकांच्या शोधनविधीमागेही असेच काही निरीक्षण असावे, असे मानण्यास जागा आहे. मात्र पोटातील कळ त्याच दिवशी जाणवते. यकृतावर हळूहळू होणारा परिणाम रोग्याला वा वैद्याला डोळ्यांनी दिसत नाही. यासाठीच कोणतेही नवे औषध एकाहून अधिक जातींच्या प्राण्यांना वाढत्या मात्रेत दीर्घकाळ दिले जाते, त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात आणि गाभण माद्यांच्या पिलांचीही पाहणी केली जाते.

विरघळणाऱ्या भागापासून गुगुलिपिड हे औषध सिद्ध झाले. मुंबई, नागपूर, वाराणसी, बंगलोर, दिल्ली, जयपूर व लखनौ येथे रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष 1989 साली प्रसिद्ध झाले. प्रथम 8 आठवडे रुग्णांना पथ्य आणि औषधाचा अंशही नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या, कारण आहार बदलला आणि उपचार चालू आहेत असा विश्वास वाटला, एवढ्यानेही फरक पडू शकतो. नंतर 12 आठवडे प्रत्यक्ष औषध चालले. ते घेऊन चाचणी पूर्ण करणारे रुग्ण 205 होते. बहुतेकांचे कोलेस्टेरॉल उतरले. ही घट सरासरी 23.6 टक्के होती. दुसऱ्या चाचणीत गुगुलिपिड की क्लोफायब्रेट हे जुने औषध, काय दिले जात आहे याचा पत्ता रुग्णाला वा डॉक्टरला लागू दिला नव्हता. तेथे गुगुलिपिडने झालेली घट सरासरी 11 टक्के भरली. या दोन आकड्यांमधील अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. संपूर्ण अंतर विश्वासाचेच, असे म्हणणे धाडसाचे होईल; पण झाकून घेतलेल्या चाचणीचा आकडा अधिक भरवशाचा, यात शंका नाही.

औषध बाजारात आल्यानंतरही परीक्षा थांबली नाही. गुगुलिपिडसोबत घेतल्यास प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या हृदयविकारावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, असे मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी 1994 साली दाखविले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या अनेकांना हीच औषधे चालू असतात. दोन उपचार एकत्र घेणाऱ्याला त्यातील एक निष्प्रभ होत असल्याचा सुगावाही लागणार नाही. 2003 साली अमेरिकेत 103 व्यक्तींवर 8 आठवडे झालेल्या चाचणीचे फळ तर उलटच निघाले. औषधविरहित गोळ्या घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल 5 टक्क्यांनी उतरले, तर गुगुलिपिड घेणाऱ्यांचे मात्रेनुसार 4 ते 5 टक्क्यांनी चढले. शिवाय गुगुलिपिड घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.