गाडीचे कागद वेगळे, मालाचे वेगळे

आता पुढचा मुद्दा. अनेकांना वाटतं, नॅशनल परमिट हातात आलं की ट्रक देशभर मोकळा. पण परमिट असतं गाडीचं. मालाचे कागद वेगळे.

समजा, पुण्याहून बंगळुरूला माल निघालाय. किंमत ५० हजार रुपयांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवं. २०२१ पासून त्याची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. या प्रवासाला पाच दिवस मिळतात.

आता हुबळीजवळ गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला. बिल तेच चालतं, पण त्याच्या भाग 'ब'मध्ये नव्या गाडीचा नंबर भरावाच लागतो. मुदत संपत आली, तर ती संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घेता येते. हे राहून गेलं, तर माल आणि गाडी दोन्ही अडकू शकतात. मालावर कर असेल तर त्याच्या दुप्पट दंड.

रात्री रस्त्यावर अडकतो तो ड्रायव्हर. नंबर भरायचं काम मात्र ऑफिसचं. म्हणून ड्रायव्हरकडे ज्याचा फोन नंबर द्याल, त्याला पोर्टलवर हे करता आलं पाहिजे, रात्रीसुद्धा.