पडलेल्या झाडांची साक्ष

२१ जून २०२१, सोमवार. सकाळचे साडेदहा झाले होते. कुकर लावून जरा टेकते न टेकते तोच अमेरिकेहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र. एवढ्या अवेळी फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं. ‘‘मावशी, आम्ही सुखरूप आहोत गं. पण पलीकडच्या गल्लीतली घरं पडली म्हणतात,’’ एवढं बोलून ती रडायलाच लागली.

शिकागोजवळच्या नेपरविल या उपनगरात ती राहते. रुंद रस्ते, लाकडी सांगाड्याची टुमदार घरं आणि जिकडेतिकडे मोठाली झाडं. तिचे फोटो बघून आम्हाला हेवा वाटायचा. त्या रात्री अकराच्या सुमारास याच झाडीतून टोर्नेडो गेला आणि पुढे वूडरिज, डेरियन या गावांपर्यंत नासधूस करत सुटला.

टोर्नेडो म्हणजे आपल्याकडचं समुद्रावरून येणारं चक्रीवादळ नव्हे. २०२० सालचं ‘निसर्ग’ आठवतं ना? ते येणार हे दोन दिवस आधी कळलं होतं. टोर्नेडो हा ढगातून थेट जमिनीवर उतरलेला, गरगर फिरणारा वाऱ्याचा खांब. आडव्या पट्ट्याने बघितलं तर तो काहीशे मीटरच, पण त्या पट्ट्यात जे येईल ते संपलं. इशारा मिळतो तोही जेमतेम काही मिनिटं आधी.

भाचीच्या मोबाईलवर धोक्याचा कर्कश आवाज झाला. तिने झोपलेल्या लेकाला उचललं. सासूबाई तेव्हा तिच्याकडेच होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘वारा तर आहे, येईल नि जाईल. निदान औषधाचा डबा तरी घेऊ दे.’’ ‘‘आई, काही घेऊ नका, आधी खाली चला,’’ म्हणत तिने त्यांचा हात धरून त्यांना तळघरात नेलं. पाचच मिनिटांत डोक्यावरून आगगाडी जावी तसा आवाज आला.

सकाळी तिने फोटो पाठवले. रस्त्याच्या एका बाजूला घराचं छप्पर नाही, भिंती नाहीत. समोरच्या बाजूला फुलांच्या कुंड्याही जागच्या जागी. आणि झाडं? काही मुळासकट उपटलेली, काही मधोमध काडीसारखी मोडलेली.

गंमत म्हणजे वादळाचं मोजमाप सांगतात ती हीच झाडं. वादळाच्या पोटात वारा मोजायचं यंत्र कोण ठेवणार? म्हणून तज्ज्ञ नंतर फिरून पडझड बघतात. सगळी झाडं एकाच दिशेला आडवी झाली असतील तर सरळ वारा. उलटसुलट, आत वळून एकमेकांवर पडली असतील तर गरगरता. ही पद्धत शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये आणली. तिच्या सुधारित मोजपट्टीवर नेपरविलचा टोर्नेडो तिसऱ्या श्रेणीचा ठरला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर! शेकडो घरांचं नुकसान झालं, काही जण जखमी झाले; पण नोंदीत मृतांचा आकडा शून्य.

हा शून्य सहज आलेला नाही, मैत्रिणींनो. शेजारच्याच प्लेनफिल्डला २८ ऑगस्ट १९९० रोजी भर दुपारी टोर्नेडो आला होता. तो याहून कितीतरी जबर होता हे खरं, पण लोकांना वेळेवर इशाराच मिळाला नाही. २९ माणसं गेली. त्यानंतर रडार सुधारली, इशारे मोबाईलवर येऊ लागले. तरीही शेवटचं काम माणसालाच करावं लागतं. ते म्हणजे ऐकणं आणि उठणं.

त्या आठवड्यातच गुरुवारी वटपौर्णिमा होती. वडाला सूत गुंडाळताना मला ती आडवी झालेली झाडंच दिसत होती. नंतर आमच्या मंडळात मी विचारलं, ‘‘मोबाईलवर विजेचा, वादळाचा इशारा आला तर काय करता गं?’’ बहुतेकींनी सांगितलं, ‘‘पुसून टाकतो.’’ अंगणातले कपडे काढायला मात्र सगळ्या धावतो!

त्या दिवशी आम्ही दोन कामं ठरवली. अंगणवाडीच्या पत्र्यावर झुकलेल्या चिंचेच्या वाळक्या फांद्या उतरवून घेतल्या; झाड ठेवलं. आणि प्रत्येकीने घरी बसून ठरवलं, की वादळात खिडक्या-पत्र्यांपासून दूर, घराच्या आतल्या पक्क्या खोलीत जायचं. बाळाला कोण उचलणार आणि म्हाताऱ्या माणसाचा हात कोण धरणार.

भाचीने अंगणात नवं मेपल लावलंय. सासूबाई फोनवर सांगत होत्या, ‘‘औषधाचा डबा आता मी तळघरातच ठेवलाय!’’

तुमच्या घरी हात कोण धरणार, ते आज रात्री जेवताना ठरवाल?