वराहवंशाची ठेव

डुकराचें नांव निघतांच पांढरपेशा घरांत नाक मुरडलें जातें. परंतु वंशशास्त्राच्या अभ्यासकास इतका बोधप्रद प्राणी क्वचितच आढळेल. रानडुकरास माणसाळविण्याचें काम सुमारें ९००० वर्षांपूर्वीं अनातोलियांत व चीनमध्यें स्वतंत्रपणें झालें. पुढें देशोदेशींच्या हवापाण्याप्रमाणें निरनिराळ्या जाती घडत गेल्या.

आईबापांचे गुण ज्या सूक्ष्म घटकांच्या योगानें संततींत उतरतात, त्यांस जनुकें म्हणतात. एकाच जनुकाचीं अनेक रूपें कळपांत नांदत असतील, तर तो कळप विविधतेनें संपन्न होय. येथें केवळ शिरगणती उपयोगी पडत नाहीं. लार्ज व्हाइट, लँड्रेस, ड्युरॉक या व्यापारी जातींचीं जनावरें जगभर कोट्यवधि आहेत. पण निवडक नरांपासूनच पैदास होत असल्यामुळें त्यांच्या पूर्वजांचें वर्तुळ फार लहान झालें आहे.

अशा निवडींत गुणाबरोबर दोषहि फोंफावतो. कमी चरबीचीं, मांसल डुकरें निवडतां निवडतां एक विलक्षण व्याधि पसरली. वाहतुकीच्या किंवा उष्म्याच्या ताणानें धडधाकट दिसणाऱ्या डुकराचें अंग ताठे, ताप चढे व तें मरे. त्याचें मूळ १९९१ सालीं सांपडलें: एका जनुकांतील एका अक्षराएवढा बदल पांच प्रमुख जातींत शिरला होता. पुढें परीक्षा करून सदोष जनावरें पैदाशींतून वगळतां आलीं, कारण जनुकाचें निर्दोष रूप अद्याप शिल्लक होतें. तें नाहींसें झालें असतें, तर केवळ परीक्षेनें काय साधलें असतें?

उलटपक्षीं, शांघायनजीकची मेइशान जात चरबीयुक्त व सावकाश वाढणारी, म्हणून व्यापाऱ्यास नकोशी. पण तिची मादी एका वेतास पंधरा-सोळा पिलें देते. याच गुणासाठीं फ्रान्सनें १९७९ सालीं ती अभ्यासार्थ आणविली.

भारतांतहि पश्चिम बंगालची घुंगरू, मेघालयाची निआंग मेघा, गोव्याची आगोंदा गोवन, अशा जातींची राष्ट्रीय नोंद झाली आहे. परंतु परदेशी नरांशीं होणाऱ्या संकरानें देशी जातींचें मूळ रूप विरत चाललें आहे. आणि २०२० सालीं आसामांत आढळलेल्या आफ्रिकी डुक्करज्वरानें तर कळपचे कळप गारद केले. संकरानें गरीब पाळणाऱ्यास चार पैसे अधिक मिळतात, हें खरें. म्हणून संकराबरोबरच देशी जातींचे शुद्ध कळप त्यांच्या मूळ गांवीं राखणें, व नरांचें रेत गोठवून ठेवणें, हीं कामें चाललीं पाहिजेत.