मालिश आणि निसर्गोपचार : जाण्याआधी एवढं माहीत असू द्या



एप्रिल महिना म्हणजे आपल्यासाठी पेपर तपासणीचा महिना. मान खाली घालून चार-चार तास बसायचं, वर निकालपत्रकं, मग पोर्टलवर गुण भरणं. शेवटच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एकच विषय असतो : कुणाची मान धरली आहे, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. मग कुणीतरी म्हणतं, "सर, सुट्टीत आठ दिवस निसर्गोपचाराला जाऊन या. मालिश करून घ्या. सगळं बरं होतं."

या "सगळं बरं होतं" मध्ये थोडं खरं आहे आणि थोडा धोकाही आहे. आमच्या घरी दोन्हीचा अनुभव आला, म्हणून हा लेख. आधी मालिश काय देते ते पाहू, मग निसर्गोपचार केंद्रात काय घडतं ते, आणि शेवटी जाण्याआधी विचारायचे प्रश्न.

१. मालिश करताना नेमकं काय होतं?

मालिश आपल्याला नवी नाही. दिवाळीच्या पहाटे आई तेल लावते, बाळंतिणीला आणि बाळाला मावशी येऊन चोळते, तालमीत पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. आज शहरात जी मालिश मिळते, तिच्यात साधारण पाच क्रिया असतात : तळहाताने लांब हात फिरवणं, कणीक मळल्यासारखे स्नायू मळणं, बोटांनी एका जागी दाब देऊन घासणं, हलकं थोपटणं आणि कंप देणं.

चांगल्या ठिकाणी सुरुवात तेलाने होत नाही, प्रश्नांनी होते. काय दुखतं, किती दिवसांपासून, कोणती औषधं चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे का, हे आधी विचारलं जातं. अंगावर चादर असते आणि ज्या भागाची मालिश चालू आहे तेवढाच भाग उघडा केला जातो. पूर्ण कपडे काढायलाच हवेत असं मुळीच नाही. दाब जास्त वाटला तर तिथल्या तिथे सांगायचं. "दुखलं तरच फायदा होतो" ही समजूत चुकीची आहे.

मालिश झाल्यावर झोप येते, अंग हलकं वाटतं. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखू शकतं, क्रीडादिनाच्या दुसऱ्या दिवशी मुलांचं दुखतं तसं. ते एक-दोन दिवसांत जातं. वेदना वाढतच गेली किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

२. फायदा किती?

ताण हलका होणं आणि आखडलेल्या स्नायूंना काही काळ आराम मिळणं हा खरा फायदा आहे. कंबरदुखीत मालिशने काही दिवस बरं वाटू शकतं, पण तो आराम फार टिकतो असा भक्कम पुरावा नाही. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने, 'नाइस'ने, २०१६ साली कंबरदुखीबद्दल सांगितलं की मालिशसारखे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मालिश म्हणजे मधली सुट्टी. सुट्टीने मूल ताजंतवानं होतं, पण अभ्यास त्याचा त्यालाच करावा लागतो. खुर्चीची उंची बदलणं, दर अर्ध्या तासाने उठणं, पाठीचे व्यायाम करणं हा आपला अभ्यास.

"मालिशने शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात" हे वाक्य आपण बऱ्याच ठिकाणी ऐकतो. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या तासाला आपणच मुलांना शिकवतो की रक्तातली टाकाऊ द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंडं हाताळतात. ते काम तेल आणि तळहात करू शकत नाहीत.

३. मालिश कधी करू नये?

- ताप असताना, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असताना, हाड मोडल्याची शंका असताना.
- एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते आणि दुखते आहे, अशा वेळी. आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळणं धोक्याचं आहे, लगेच डॉक्टर गाठा.
- कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असतील किंवा लघवी-शौचावर ताबा राहत नसेल, तर मालिश, शेक, लेप काही करत बसू नका, थेट रुग्णालयात जा.
- गरोदरपण, कर्करोग, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.
- मान 'कट्कन' मोडून घेऊ नका. केशकर्तनालयात सवयीने करतात, पण त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं.

लहान बाळांच्या पालकांसाठी एक गोष्ट. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला हलक्या हाताने मालिश करायला हरकत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही तसं म्हणते. पण नाकात, कानात तेल घालू नये. नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाळाला उलटं धरणं, हातपाय ओढणं, डोक्याला आकार देण्यासाठी दाबणं हेही टाळा. मालिशवाल्या मावशी कितीही अनुभवी असल्या तरी हे त्यांना प्रेमाने, पण स्पष्ट सांगायचं.

४. निसर्गोपचार : पुण्याजवळचा इतिहास

निसर्गोपचाराचं नाव निघालं की आपल्याकडे उरुळी कांचन आठवतं. पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून साधारण तीस किलोमीटरवर. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे राहिले, गावातल्या रुग्णांना तपासलं आणि निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. पुढे मणिभाई देसाईंनी तो आश्रम आयुष्यभर सांभाळला. त्याआधी पुण्यातच डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत असत. त्याच जागी, ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात, आज केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. शहरातल्या श्रीमंतांपेक्षा खेड्यातल्या गरिबाला परवडेल असा उपचार त्यांना हवा होता. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार यांना पैसे पडत नाहीत, हा त्यामागचा विचार.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. जानेवारी १९२४ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि त्यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा तेव्हाही होती. पण ते मातीची पट्टी लावून बसून राहिले नाहीत. त्यांना ससून रुग्णालयात हलवलं, त्यांनी लेखी संमती दिली आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पूर्ण झालं. उरुळीचा आश्रम सुरू झाला तो यानंतर बावीस वर्षांनी. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्तासुद्धा गरज पडल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपला, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

५. केंद्रात दिवस कसा जातो?

प्रत्येक केंद्राची पद्धत वेगळी, पण चित्र साधारण असं : पहाटे उठणं, प्रार्थना किंवा योगासनं, पोटावर आणि डोळ्यांवर मातीची पट्टी. मग मालिश, बाष्पस्नान किंवा कटिस्नान, म्हणजे टबात फक्त कंबर पाण्यात ठेवून बसणं. गरजेप्रमाणे एनिमा. जेवणात उकडलेल्या भाज्या, भाकरी, ताक, फळं, मीठ-तेल अगदी कमी. चहा बंद. काहींना रसाहार किंवा उपवास. संध्याकाळी फिरणं, रात्री लवकर झोप.

पहिले दोन-तीन दिवस चहावाल्यांचं डोकं दुखतं, ते कॉफी-चहा अचानक सुटल्यामुळे. कंटाळा येतो, भूक लागते, चिडचिड होते. त्यानंतर झोप सुधारते, पोट साफ होतं, वजन थोडं उतरतं. सुरुवातीला उतरलेलं बरंचसं वजन पाण्याचं असतं आणि ते परत येतं. घरी न्यायची खरी वस्तू म्हणजे सवय.

६. आमच्या घरचा अनुभव

माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मधुमेहाची गोळी रोज नाश्त्याआधी घेतात. काही वर्षांपूर्वी ते एका दहा दिवसांच्या शिबिरात गेले. तिथे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सरसकट उपवास दिला, फक्त लिंबूपाणी. कोणती औषधं चालू आहेत हे कुणी विचारलं नाही. मामांनी शिस्तीने सकाळची गोळी घेतली, जशी घरी घेतात तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध होऊ लागलं. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ निवृत्त कंपाउंडर होते, त्यांनी ओळखलं आणि घाईने साखरेचं पाणी पाजलं. नंतर तपासली तेव्हासुद्धा साखर ५२ निघाली. "ते नसते तर?" हा प्रश्न अजूनही सासूबाईंच्या तोंडी असतो.

कारण साधं होतं. साखर खाली आणणारी गोळी पोटात आणि अन्न नाही. बरं, उलट बाजूने कुणी सांगितलं असतं की "गोळी बंद करा", तर साखर वर चढली असती. म्हणजे दोन्हीकडे धोका, आणि दोन्हीचा उपाय एकच : आधी विचारणं.

मामा हट्टी. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी अर्धा-पाऊण तास माहिती घेतली, सगळे रिपोर्ट पाहिले, मामांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. उपवास दिलाच नाही. रोज साखर तपासली. मामा आले ते संध्याकाळचं फिरणं आणि रात्रीचं लवकर जेवण घेऊन. ते अजून चालू आहे. सहा महिन्यांनी तपासण्या पाहून त्यांच्या डॉक्टरांनीच गोळीचं प्रमाण कमी केलं. डॉक्टरांनीच, हा शब्द महत्त्वाचा.

७. जाण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. उपचार ठरवणारी व्यक्ती काय शिकली आहे? निसर्गोपचार आणि योगाची बी. एन. वाय. एस. ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी आहे. आठवड्याच्या वर्गाचं प्रमाणपत्र म्हणजे ती पदवी नव्हे.
२. माझे आजार आणि औषधं तुम्ही लिहून घेणार का?
३. चालू औषधं बंद करायला सांगता का? उत्तर 'हो' असेल तर तिथून उठायचं.
४. सर्वांना एकच आहार आणि एकच उपवास आहे, की माणूस पाहून ठरवता?
५. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर बाष्पस्नानाचं काय?
६. रात्री त्रास झाला तर कोण असतं? जवळचं रुग्णालय किती दूर?
७. स्त्रियांसाठी स्त्री मालिशकर्ती आहे का? लहान मुलासोबत पालक खोलीत थांबू शकतात का? इथे नकार मिळाला तर तिथे जायचं नाही.

आणि कुणी कर्करोग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार "मुळापासून बरा" करण्याची हमी दिली, तर पुढचे प्रश्न विचारायचीही गरज नाही.

मित्रहो, सुट्टीत अवश्य जा. मालिश घ्या, माती लावा, चहा सोडून बघा. पण बॅगेत टॉवेलाच्या आधी औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट ठेवा. आणि पहिल्या दिवशी कुणी ती यादी मागितली नाही, तर तुम्हीच पुढे करा. आमच्या मामांची यादी आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेली असते.